दोन ते आठ अंश

पहाटे ५.१०
नळाला पाणी पाचला येतं, पावणेसातला जातं. धनकवडीतल्या या दोन खोल्यांचा दिवस तेवढ्या वेळावर ठरतो. ती आधी साबणाने हात धुते, मग पिंपाचं झाकण काढते. दोन हंडे, एक कळशी, चार बादल्या. पिण्याच्या पाण्यात तांब्या बुडवायचा नाही, ओगराळं वापरायचं, हा घरचा नियम. थोरल्या मुलाला तो पाठ आहे. धाकटी अजून विसरते.

सासऱ्यांना दमा आहे. खोकल्याची उबळ आली की उशाशी ठेवलेला रुमाल ते तोंडाला लावतात. रात्री तो रुमाल साबणाच्या पाण्यात पडतो, सकाळी दोरीवर जातो. जूनचा पहिला पंधरवडा. पाऊस नुकताच लागलाय, कपडे वाळत नाहीत. म्हणून रुमाल सहा आहेत. रस्त्यावर वीस रुपयांना एक मिळतो.

ती एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आहे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी दवाखान्यात काम करते, तिथे तिला सगळे सिस्टर म्हणतात. २०१५ साली कंत्राटावर लागली, अजून कंत्राटावरच आहे. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा सही. मानधन वीस हजारांच्या आसपास. त्यातले साडेसात हजार घरभाड्याला जातात. नवरा कुरिअरची पार्सलं पोचवतो. पावसाळ्यात त्याचे पैसे कमी-जास्त होतात, तिचे होत नाहीत. घर तिच्या पैशावर धरलेलं आहे.

सकाळी ७.३०
स्वारगेटची बस. तिने मास्क लावलाय. बसमध्ये आणखी कुणी लावलेला नाही. उभं राहायचं तर दांडी धरावीच लागते, आणि तिच्या आधी ती शंभर जणांनी धरलेली असते. फ्लूचा विषाणू स्टीलवर नि प्लॅस्टिकवर दिवस-दोन दिवस तग धरू शकतो. तिथून तो बोटांवर येतो आणि बोटांवरून नाकातोंडात जातो. बसमध्ये ती नाक खाजवत नाही, डोळे चोळत नाही, फोन काढत नाही. तिच्यासोबत मीही बसमध्ये. मी मात्र तेवढ्या वेळात चारदा चेहऱ्याला हात लावला. तिच्याकडे बघितल्यावर ते लक्षात आलं.

सकाळी ८.२०
दवाखान्याचं शटर अर्धं वर. सफाई करणाऱ्या मावशी आधीच आल्यात. सिस्टर थेट आतल्या खोलीत जाते. तिथे आईसक्रीमच्या दुकानात असते तशी वरून उघडणारी पांढरी पेटी आहे. तिला सगळे आयएलआर म्हणतात. लस इथे राहते. झाकण उघडायचं, थर्मामीटर बघायचा, झाकण लावायचं.

"सहा."

वहीत तारीख, वेळ, सहा, सही. दोनच्या खाली जायचं नाही, आठच्या वर जायचं नाही. रोज दोनदा ही नोंद होते, रविवारीसुद्धा. काल रात्री वस्तीत तासभर लाइट गेली होती. झाकण बंद होतं, म्हणून गारवा टिकला.

फ्लूच्या लशीला उष्णता सोसत नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना माहीत असतं. तिला गोठणंही सोसत नाही, हे फारसं माहीत नसतं. एकदा गोठलेली कुपी पुन्हा वितळली तरी फेकावीच लागते. खासगी दवाखान्यात हीच लस दीड-दोन हजारांना पडते. इथे ती फुकट मिळते. फुकट म्हणून तिला कुणी हलकं समजू नये, यासाठी या बाईची रोजची धडपड असते.

डीप फ्रीझरमधून चार बर्फाचे पॅक काढून तिने टेबलावर मांडले. वरती पांढरं दव. आता थांबायचं. सरळ पेटीत घातले तर बर्फाला टेकलेली कुपी गोठेल. दहा मिनिटांनी एक पॅक कानाशी धरून हलवला. आवाज नाही. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा हलवला. आतून पाण्याची हलकी खळखळ आली. मग चारही पॅक निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरच्या चार बाजूंना उभे राहिले, मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पंचवीस कुप्या. खोक्यावर यंदाचं वर्ष छापलेलं आहे, तेही तिने वाचून घेतलं. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे लशीतले प्रकारही दर हंगामाला ठरवून घ्यावे लागतात. गेल्या वर्षीची कुपी यंदा चालत नाही.

सकाळी ८.५५
बाहेर मावशींचा पोछा चाललाय. हायपोक्लोराइटच्या कॅनमधून एक मग, वर चार मग पाणी. हातमोजे रबराचे, डाव्या अंगठ्याला भोक. फरशी झाली की बाकडी, मग दाराच्या कड्या, मग केसपेपरच्या खिडकीची कड. हात लागेल ती प्रत्येक जागा.

मावशी या दवाखान्यात २००९ च्याही आधीपासून आहेत. त्या वर्षी ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. तो पुण्यातच, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी.

"दुसऱ्या दिवशी इथं रांग कुठवर गेली होती माहितीय? पार त्या पिंपळापर्यंत. ताप नसलेले पण आलेले. नायडू हॉस्पिटलात तर पाय ठेवायला जागा नव्हती. शाळा बंद, कॉलेजं बंद, थेटरं बंद. बायका ओढणी गुंडाळून फिरायच्या. कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी करून हुंगायचे लोक."

"मग, तुम्ही हुंगली का?"

"हुंगली की. आणि फरशीपण पुसली."

तेव्हा देशात या आजारावर लस नव्हती. ती पुढच्या वर्षी, २०१० मध्ये आली. तिच्यातली एक, नाकात फवारायची, पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली होती. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेला नाही. तो दरवर्षीच्या फ्लूतलाच एक होऊन राहिला. २०१५ मध्ये त्याने पुन्हा डोकं वर काढलं. देशभरात बेचाळीस हजारांवर रुग्ण, तीन हजारांच्या जवळ मृत्यू. त्याच वर्षी महाराष्ट्राने गरोदर बाया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आणि दवाखान्यात काम करणारी माणसं यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. सिस्टरची नोकरी त्याच सालची. मावशींना आणि सिस्टरला यंदाचा डोस मागच्या आठवड्यात मिळाला. पालख्या पुण्यात यायच्या आत दवाखान्यातल्या सगळ्यांचं उरकायचं असतं.

सकाळी ९.३०
टेबलावर मांडणी. डावीकडे कॅरिअर. पुढ्यात सिरिंजा, अर्ध्या मिलीच्या, एकदा दाबली की दट्ट्या परत मागे येत नाही अशा. कापसाचा डबा. उजवीकडे हब कटर. खाली लाल पिशवी आणि निळा डबा. भिंतीला लागून ॲड्रेनॅलिन असलेलं तातडीचं किट. ते क्वचितच उघडावं लागतं, पण त्याच्याशिवाय ती पहिली कुपी हातात घेत नाही.

पहिली बाई, सातवा महिना. सोबत नणंद.

"ताप आहे का आज? आधी कुठल्या लशीने त्रास झाला होता? अंड्याचं वावडं? कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठतं?"

चारही प्रश्न प्रत्येकीला, त्याच क्रमाने. मग बेसिनवर हात. तळवे, मागची बाजू, मूठ, अंगठे, नखं, मनगट. नळ कोपराने बंद. कुपी उचलून नाव आणि मुदत वाचायची. अर्धा मिली ओढायचा. दंडाच्या वरच्या जाड स्नायूत सुई सरळ आत. मोजायला गेलं तर तीन सेकंद. कटरमध्ये सुई कट्‌ आवाज करून तुटते. सिरिंज लाल पिशवीत, रिकामी कुपी निळ्या डब्यात. सिस्टर पुन्हा बेसिनकडे.

"यानं बाळाला काही होणार नाही ना?" नणंद विचारते.

"बाळासाठीच आहे हे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस टोचता येत नाही. त्याला मिळतं ते आईच्या अंगातूनच. आता अर्धा तास बाकड्यावर बसायचं. उठून जायचं नाही."

सकाळी १०.२०
औषधाच्या खिडकीशी साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची रांग. हे लोक महिन्यातून एकदा गोळ्या न्यायला येतात. फ्लूसाठी मुद्दाम कुणी येत नाही. मग सिस्टरच तिथे जाऊन उभी राहते, कार्ड बघते, विचारते.

एक रिक्षावाले काका. वय साठच्या पुढे, साखर बारा वर्षांपासून. रिक्षा भाड्याची, मालकाला रोजचे चारशे.

"टोचा पटकन."

"टोचते. पण नंतर अर्धा तास थांबावं लागेल."

"अर्धा तास? दोन भाडी गेली माझी. शंभर-सव्वाशे."

"काका, त्रास व्हायचाच असला तर बहुतेक त्या अर्ध्या तासात होतो. तुम्ही गाडी चालवता. मागे पॅसेंजर असतं."

काका गप्प. मग विचारतात, याने फ्लू होणारच नाही का. सिस्टर खोटं बोलत नाही. "होऊ शकतो. पण दवाखान्यात ॲडमिट व्हायची, जिवावर बेतायची वेळ येण्याची शक्यता कमी होते. आणि आज टोचली म्हणजे उद्या लागू झाली असं नाही. अंगाची तयारी व्हायला दोन आठवडे जातात. तोवर पॅसेंजर खोकलं तर पडदा वर करा, वारा येऊ द्या. घरी गेल्यावर आधी हात धुवा, मग नोटा मोजा. नाहीतर उलट करता तुम्ही लोक."

काका बसतात. बाकड्यावर बसून मोबाइलवर वेळ लावतात. तीस मिनिटं पुरी होताच उठतात, एक मिनिटही वर नाही. लस देणाऱ्याच्या कौशल्याचं आपण कौतुक करतो. घेणारा इथे काय मोजतो, हे मला त्या बाकड्यावर पाहायला मिळालं.

सकाळी ११.४०
"आमच्या आळीत डुकरं नाहीत सिस्टर, आम्हाला कशाला?" हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा. तिचं उत्तर पहिल्यांदा दिलं तेवढंच शांत. हा आजार आता माणसाकडून माणसाला होतो. खोकल्यातून, शिंकेतून, हातातून. डुकरं असोत-नसोत, शेजारी असतो ना?

दुपारी १२.५०
एकोणिसाव्या टोचणीवर रांग संपली. विसावी परत गेली. पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण. दंड उघडा केला आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून सासूबाई. "या दिवसांत सुया नकोत." मुलगी उठून उभी राहिली. सिस्टरने फोन मागितला, मिळाला नाही. तिने जबरदस्ती केली नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर स्वतःचा नंबर लिहून दिला. "घरी सासूबाईंना द्या. त्यांना काय विचारायचं ते मला विचारू देत. संध्याकाळी सहानंतर मी घेते."

वहीत त्या नावापुढे तिने "नकार" लिहिलं नाही. "पुन्हा भेट" लिहिलं.

दुपारी १.२०
डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. मावशींनी आणलेली कैरी. हात दोघींनी पुन्हा धुतले. सकाळपासून किती वेळा, हे सिस्टरही मोजत नाही. बोटांच्या सांध्यांवर कातडी कोरडी पडून भेगा गेल्यात. पर्समध्ये व्हॅसलिनची दहा रुपयांची डबी आहे, ती जेवण झाल्यावर निघते.

दुपारी २.१५
जनता वसाहत. पर्वतीच्या उतारावर घराला घर लागून. गल्ल्यांना नंबर, पायऱ्या ओल्या. वस्तीतली आशा सेविका, आशाताई, पुढे; सिस्टर मागे. आशाताईच्या खांद्यावर पिशवी, तिच्यात पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर, वही. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. बाळंतपण दवाखान्यात नेलं, बाळाची लस पुरी केली, क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्या संपवून घेतल्या, की अमुक इतके. तापाची घरं शोधत पायऱ्या चढण्याचे? "यादीत हे काम नाही," ती म्हणते आणि पुढच्या दाराची कडी वाजवते.

"ताप, खोकला, घसा? घरात कुणी पोटुशी? कुणाला साखर?"

नाही. नाही. नाही. पुढे.

दुपारी ३.००
आठ बाय दहाची खोली. नऊ वर्षांचा मुलगा गोधडीत. ताप कालपासून, घसा दुखतोय, अंग ठणकतंय. कोपऱ्यात पाळणा. बाळ दीड महिन्याचं.

सिस्टर मास्क नाकावर नीट दाबून बसते. थर्मामीटर. एकशे दोन. मग सदरा वर करून छातीकडे बघत घड्याळ लावते. पुरं एक मिनिट ती काही बोलत नाही, नुसती श्वास मोजते. धाप नाही. नखं निळी नाहीत. ओठ ठीक. पोरगं पाणी पितंय.

"कुठल्या गोळ्या दिल्या?"

आई पुडी काढते. मेडिकलमधून सुट्या आणलेल्या. पंचेचाळीस रुपये. एक पॅरासिटामॉल. एक अँटिबायोटिक, ती विषाणूवर काही करत नाही. सिस्टर ती बाजूला काढायला लावते. ॲस्पिरिन त्यात नाही, हे मुद्दाम तपासते. फ्लूच्या तापात मुलांना ती द्यायची नसते.

मग ती डॉक्टरांना फोन लावते. साधा ताप असता तर घरीच थांबा म्हणून सांगून निघाली असती. पण घरात दीड महिन्याचं बाळ आहे, आणि तापाचा दुसरा दिवस आहे. ऑसेलटॅमिविर हे फ्लूवरचं औषध द्यायचंच असेल तर पहिल्या दोन दिवसांत सुरू केलेलं बरं. डॉक्टर म्हणतात, पाचच्या आत घेऊन या, बघतो.

"आता बाळाचं. मुलगा वेगळा झोपवा."

"कुठं, बाई?"

प्रश्न खरा आहे. खोलीला एकच भिंत मोकळी. सिस्टर उठून उभी राहते, खोली डोळ्यांनी मोजते. मुलाची गोधडी दाराशी, खिडकी दिवसा उघडी. बाळाचा पाळणा मोरीच्या बाजूला. मुलाचं डोकं दाराकडे, पाय आत. त्याचा पेला, ताट, टॉवेल वेगळा. तोंडाला मास्क नाहीतर सुती रुमाल. बाळाला दूध पाजायचंच, पण आधी साबणाने हात, आणि आईलाच खोकला सुरू झाला तर पाजताना तोंडाला पदर न लावता मास्क लावायचा. ताप उतरून पुरा एक दिवस जाईपर्यंत शाळा नाही.

"आणि माझं काम? चार घरची धुणीभांडी आहेत. खाडा झाला की दीडशे कापतात."

यावर सिस्टरकडे तोडगा नाही. आशाताई म्हणते, समोरच्या मावशीला मुलाकडे बघायला सांगते, पण ती साठीची आहे आणि तिला बीपी आहे. सिस्टर लगेच विचारते, "त्यांनी लस घेतली?" नाही. समोरचं दार वाजतं. तिथे वीस मिनिटं जातात.

कपाळावर हात मारून घ्यावा अशी ही गणितं आहेत. एका तापामागे तीन घरं हलतात. या दोघी कुणालाच दोष न देता त्यांतली एकेक सोडवत होत्या.

दुपारी ४.०५
सार्वजनिक संडास. बाहेर एक नळ. नळाच्या दांडीला जुना नायलॉनचा मोजा बांधलाय, आत साबणाची वडी. वडी मोज्यात असली की कुणी नेत नाही, नाल्यात पडत नाही, आणि मोजा हातावर घासला की फेसही चांगला येतो. ही कल्पना इथल्याच एका बाईची. चार घरं आळीपाळीने दहा रुपयांची वडी आणतात. एक वडी साधारण आठवडा जाते. आज मोजा रिकामा आहे.

"पाळी कुणाची?" आशाताई आवाज चढवते. एक पोरगी पळत जाते, वडी घेऊन येते. तिच्यामागे आणखी चार-पाच पोरं. आशाताई त्यांना रांगेत उभं करते. तळवे, मागून, मूठ, अंगठा, नखं, मनगट. पोरं घोकत धुतात, मनगटापर्यंत पोचेतो निम्मी विसरतात. आशाताई पहिल्यापासून सुरू करते. वीस सेकंद व्हायलाच हवेत. नळ मात्र मध्ये बंद ठेवायचा, कारण या नळाला चारनंतर धार बारीक होते.

संध्याकाळी ४.५०
दवाखाना. नऊ वर्षांचा मुलगा आईसोबत आलाय. डॉक्टरांनी तपासलं, वजन करून त्या हिशेबाने औषध दिलं. दिवसातून दोनदा, पाच दिवस, मध्ये ताप उतरला तरी पुरं करायचं. धाप लागली, छातीत दुखलं, गुंगीत गेला किंवा खाणंपिणं सोडलं, तर रात्र न बघता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सिस्टर तेच पुन्हा आईकडून वदवून घेते.

हिशेब. पंचवीस कुप्या काढल्या, एकोणीस लागल्या, सहा उरल्या. न उघडलेल्या सहा परत आयएलआरमध्ये, त्यांवर खूण करून. उद्या आधी त्या वापरायच्या. एकोणीस सिरिंजा. एकोणीस सह्या. मागच्या खेपेचा साठा संपला तेव्हा काही आठवडे येणाऱ्यांना परत पाठवावं लागलं होतं. त्यातले सगळे पुन्हा आले नाहीत. त्यांची नावं तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीत आणि एकेकाला फोन करणं चालू आहे, स्वतःच्या रिचार्जवर.

थर्मामीटर. पाच. तारीख, वेळ, सही.

संध्याकाळी ६.२५
स्वारगेटचा थांबा. पाऊस. दहा रुपयांचा चहा, कागदी कपात. फोन वाजतो, नंबर नवा.

"तुम्हीच का त्या सुईवाल्या सिस्टर? चिठ्ठी मिळाली."

दुपारच्या मुलीच्या सासूबाई. त्यांचे प्रश्न बरेच आहेत. पोटातल्या पोराला बाधत नाही हे कशावरून? ताप येतो का? हात सुजतो का? सिस्टर एकेक सांगते. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी थोडी कणकण येते. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. बस येते आणि निघून जाते. ती चढत नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सासूबाई म्हणतात, "मला साखर आहे. दहा वर्षं झाली. मला चालेल का ती?"

"चालेल म्हणजे, तुमच्यासाठीच आहे. साखरेचं कार्ड घेऊन या. दहाच्या आत या, गर्दी कमी असते. बाही वर जाईल असं पोलकं घाला."

"मी येते. सुनेचं मग बघू."

"तिलाही सोबत आणा. नुसतं बसू दे बाकड्यावर."

"बघते," म्हणून फोन ठेवला जातो. सिस्टर भिजलेल्या पर्समधून पेन काढते आणि उद्याच्या यादीत दोन नावं लिहिते.